काठोकाठ भरलेला प्याला

जस्ताची तोटी. नऊ आठवडे. काठोकाठ भरलेला प्याला. चार पांढऱ्या गोळ्या. न विचारता पाडलेली सहा भोकं.

मित्रांनो, मी फुटकी आहे, म्हणून गोष्टही तुकड्यांनी सांगते. मार्गिलान शहरातल्या एका घरची मी जुनी चहादाणी, निळ्या चिनी मातीची. एके काळी माझं फार कौतुक व्हायचं. मग एका लग्नात माझी तोटी तुटली, पोटाला तडा गेला. कारागिराने सहा भोकं पाडून पितळी टाके घातले, जस्ताची तोटी बसवली. काम चांगलं केलं. पण मला कुणी विचारलं नाही. तेव्हापासून मी कुणाच्या हातावर चटकन विश्वास ठेवत नाही.

त्यातही होसियतच्या. ही घरची सासू. पाहुण्यांसाठी तिने नवी चहादाणी आणली आणि मला कोनाड्यात सारलं. डॉक्टर येणार होती त्या सकाळी मात्र मला खाली काढलं, माझ्यात एक पुडी रिकामी केली, उकळतं पाणी ओतलं आणि कापसाच्या टोपीत गुंडाळून ठेवलं. वास अनोळखी होता. मला संशय आला. हे सुनेसाठी होतं.

सून ओयदिन. नवव्या आठवड्यात पोटातल्या जिवाचे ठोके थांबले होते. दोन आठवडे वाट पाहिली, काहीच बाहेर पडलं नाही. म्हणून डॉक्टर लोबार घरी आली.

आमच्याकडे मानाच्या पाहुण्याला अर्धाच प्याला देतात. काठोकाठ भरला, की समजायचं, आता निघा. होसियतने नव्या चहादाणीतून काठोकाठ भरला. लोबारने तो एका दमात संपवला आणि पुन्हा पुढे केला.

"झकास, मावशी. अजून द्या. मी काही उठत नाही."

मग ती ओयदिनकडे वळली. "दोन वाटा आहेत, पोरी. या चार पांढऱ्या गोळ्या घरी घेता येतात. कळा येतील, रक्त पाळीपेक्षा पुष्कळ जाईल. सोबतीला माणूस हवं. तासाला दोन पॅड भिजून दोन तास तसंच चाललं, तर लगेच दवाखाना. कधी थोडं आत राहतं, मग यावंच लागतं. नाहीतर दवाखान्यात नळीने ओढून काढतो. काही मिनिटांचं काम. धोका त्यातही असतो, पण थोडा."

"नळी म्हणे!" होसियत म्हणाली. "मला खरवडलं, तेव्हाही असेच गोड बोलले होते. विचारलंसुद्धा नाही. पुढे सात वर्षं कूस उजवली नाही."

"ती पाती आम्ही आता वापरत नाही, मावशी."

"आणि गोळ्या? नको असलेलं पाडायला बायका त्याच घेतात. कुणी सांगावं, आमच्या सूनबाईंनी आधीच गिळल्या असतील!"

ओयदिनच्या हातातली भाकरी तशीच राहिली.

"असं मूल जातं ते बहुतेक वेळा आपोआप जातं," लोबार शांतपणे म्हणाली. "पोरी, तू बोल. तुला काय हवं?"

"गोळ्याच घेणार होते मी. घरी, आपल्या अंथरुणावर." ओयदिन थांबली. "आता नळीच. उद्याच."

"का? सोबतीला मी काय मेलेय?"

"आहात ना, आई. म्हणूनच."

होसियतने मला उचललं आणि प्याला भरला. अर्धाच. "घे. गरम आहे."

"यात काय आहे?"

"विष नाही. घे."

ओयदिनने प्याला खाली ठेवला. मी मनात म्हटलं, शहाणी आहेस.

दुसऱ्या दिवशी ती दवाखान्यात जाऊन दुपारी परत आली. आता बरी आहे. मी पुन्हा कोनाड्यात.

मित्रांनो, मला धुताना तोटीवर जोर देऊ नका. आणि दुखणं ज्याचं, त्याला आधी विचारा. टाके घालायचे की नाही, तेही.

त्या पुडीत रानगुलाबाची सुकी फळं होती, आणि डॉक्टर यायच्या आधी माझ्यातला पहिला प्याला होसियतने स्वतः पिऊन, थोडा वेळ थांबून पाहिलं होतं.