प्रतिभा सिस्टरांचं तिसरं ॲप

प्रतिभाच्या पित्ताशयातले खडे काढायचे ठरले, तेव्हा फॉर्मवर नातेवाईकाची सही हवी होती. भाऊ शहाद्याहून निघाला होता, पण बस प्रकाश्याच्या पुलाआधीच बंद पडली. डॉक्टर ताटकळले. शेवटी वॉर्डातल्या आया जसोदाबाईंनी 'मावशी' असं नातं लिहून सही ठोकली. पंधरा वर्षं नर्सची नोकरी केलेल्या प्रतिभानं त्याच रकान्यावर बोट ठेवून शेकडो माणसांना "इथं सही करा" म्हटलं होतं. त्या दिवशी स्ट्रेचरवर पडल्या पडल्या तिला तो रकाना पहिल्यांदा नीट दिसला.

घटस्फोटाला नऊ वर्षं झाली होती. ती विसरवाडीत, हायवेलगतच्या दवाखान्याच्या मागं दोन खोल्यांत राहायची. दिवाळीत भावाची मुलगी रुचिका आली, ती नाशिकला शिकते. आत्याचा फोन घेऊन ती बाजेवर मांडी घालून बसली आणि सगळं फुकट असल्याचं सांगत एकामागून एक ॲप टाकत गेली.

पहिल्या ॲपात फोटो उजवीकडे सारला की पसंत, डावीकडे सारला की नापसंत. चाळिशीला टेकलेल्या प्रतिभासमोर सुरतेची पंचविशीतली पोरं दंड फुगवून उभी राहायला लागली. बाकीचे ट्रकवाले. संध्याकाळी 'दोन किलोमीटरवर' दिसणारा माणूस सकाळी अडीचशे किलोमीटरवर गेलेला असायचा. आठ दिवसांत तिचा अंगठा दुखायला लागला.

दुसरं होतं लग्न जुळवणारं. तिथं नाव घालणं फुकट होतं, पण उंची, वजन, रंग, जात, पोटजात विचारून झाल्यावर 'घटस्फोटाचं कारण' असाही एक चौकोन आला. तिनं त्यात एक टिंब टाकलं. मग ऐन इंजेक्शनांच्या वेळी गोड आवाजाच्या मुलीचे फोन सुरू झाले, "मॅडम, आपल्यासाठी एकवीस स्थळं थांबली आहेत." त्या एकविसांपैकी एकाचाही नंबर पैसे भरल्याशिवाय दिसत नव्हता.

तिनं रुचिकाला फोन लावला. "काढी टाक हाई सगळं. फुकट शे ते खरं, पन मन्हा जीव थकी गया."

"आत्या, एकच आखो देख. दुसरा लगीनवालासकरता शे. बोलनं बी फुकट."

दुसरं लग्न करणाऱ्यांसाठीचं हे तिसरं ॲप अगदीच गबाळं होतं. अक्षरं एकावर एक चढायची, फोटो अर्धाच दिसायचा. पण त्यात हेमकांत भेटला. शहाद्याजवळचा केळीवाला, वय त्रेचाळीस, बायको सहा वर्षांपूर्वी वारलेली. फोटोत तो बागेत उभा होता आणि टोपीच्या सावलीत चेहरा गेला होता. लिहायचा मात्र छान. एकदा त्यानं लिहिलं, 'आज घडांना टेकू देताना बांबू कमी पडले. मग नुसता बघत बसलो. वजन झेपेनासं झालं तरी झाड घड सोडत नाही, स्वतःच मोडतं.'

ते वाचून प्रतिभा ड्रेसिंगच्या ट्रेपाशी थोडा वेळ तशीच उभी राहिली. तीन महिने हे चाललं. फेब्रुवारीत तिनंच नंदुरबारला भेटू म्हणून कळवलं.

सुट्टीच्या दिवशी दुपारी ती स्टेशनबाहेरच्या चहाच्या हॉटेलात येऊन बसली. बाजार मिरचीनं भरला होता आणि वाऱ्यासोबत ठसका येत होता. ओढणी नाकाला लावून ती दाराकडे बघत होती. दोन माणसं आत आली, चेहऱ्यांनी सारखी. पुढचा इस्त्रीच्या शर्टातला, हसरा. मागच्याच्या हातात टोपी होती आणि कॉलरवर केळीच्या चिकाचे काळे डाग होते.

"नमस्कार, प्रतिभाताई," पुढचा म्हणाला. आवाजही त्या लिहिण्यासारखाच स्वच्छ होता. "मी नवनीत. शाळेत शिकवतो. आणि हे हेमकांत, माझे मोठे भाऊ."

प्रतिभाला आधी कळलंच नाही. मग कळलं, आणि हातातला कप तिनं बशीत ठेवला.

"म्हणजे लिहीत कोण होतं?"

नवनीतचं हसू ओसरलं. "मीच. दादाला मोबाइलवर लिहिता येत नाही. माझी बायको, पोरं, सगळ्यांनाच त्याचं पुन्हा जुळावं असं वाटत होतं. पण मनातलं त्याचंच होतं. मी फक्त जरा..."

"जरा काय?"

प्रतिभाला राग यायला हवा होता. पण रात्रपाळी संपवून, दोन बस बदलून ती आली होती आणि रागावण्याएवढंही त्राण अंगात उरलं नव्हतं. "तुम्ही बाहेर थांबा," ती नवनीतला म्हणाली. "मी यांच्याशी बोलते."

नवनीत गेला. हेमकांत समोर बसला आणि टोपी गुडघ्यावर ठेवून तिची घडी घालत राहिला.

"ते बांबूचं," प्रतिभानं विचारलं, "ते कोणाचं होतं?"

"बांबू कमी पडनात, इतलंच मी सांगेल व्हतं," तो म्हणाला. "पुढलं त्यानी लिखं."

"मग पुढं तुम्ही काय केलं?"

"काय करसू? शेजारना मळामातून बांबू मागी लई उनू."

प्रतिभाला हसू आलं, तेही थकलेलंच. तीन महिने ज्यांच्यावर जीव लावला ती वाक्यं बाहेर रिक्षाशेजारी उभी होती आणि त्या वाक्यांना बायको होती, पोरं होती. समोर जो होता त्याला ती ओळखतच नव्हती.

"तुम्हाला हे ठाऊक होतं ना? मग आधी का नाही सांगितलं?"

हेमकांतनं पहिल्यांदाच तिच्याकडे बघितलं. "सांगाले लिखता यायला पाहिजे," तो म्हणाला. मग जरा थांबून म्हणाला, "चूक मन्हीच शे. तुम्हले इतलं लांब यावं लागनं."

आणखी थोडा वेळ ते बसले. चहावाल्यानं रिकामे कप उचलून नेले. उठताना ती म्हणाली, "आज मी होही म्हणत नाही आणि नाहीही म्हणत नाही. ते ॲप मी काढून टाकते. बोलायचं असलं तर तुम्ही स्वतः फोन करा. भावाला हात लावू देऊ नका." पिशवीतून पेन काढून तिनं बिलाच्या पाठीमागे नंबर लिहिला.

विसरवाडीच्या बसमध्ये तिनं ॲप काढलं. तीन महिन्यांचे निरोपही त्याच्याबरोबर गेले. मग खिडकीच्या गजाला डोकं टेकून ती नवापूर तालुका लागेपर्यंत डोळे मिटून होती.

चौथ्या दिवशी सकाळी दहाला फोन वाजला. रात्रभरात एक बाळंतपण आणि एक अपघात उरकून ती नुकतीच खोलीवर आली होती. पायांत अजून दवाखान्याचेच बूट होते.

"हेमकांत बोली ऱ्हायनू," पलीकडून आवाज आला. मागं मोटर चालू होती.

"बोला ना," प्रतिभा म्हणाली. मग तिला वाटलं, या माणसाशी तरी खोटं कशाला बोलायचं. "खरं सांगू का, मी इतकी थकलेय की मला आत्ता काही ऐकवत नाही."

"मंग आते नका बोलू," हेमकांत म्हणाला. "झोपी जा. मी फोन ठेवस."

त्यानं खरंच ठेवला. प्रतिभानं बूट काढले, फोन उशाशी ठेवला आणि दुपारी तीनपर्यंत ती गाढ झोपली.