रस्कच्या अंगणातल्या सदतीस पाट्या

आमच्या टोलिव्हर कॉलेजने ग्रेडी रस्कला काढल्याची बातमी शुक्रवारी दुपारी आली. रस्क म्हणजे फुटबॉल संघाच्या डिफेन्सचा, समोरच्यांना गुण करू न देणाऱ्या फळीचा, कोच. माणूस सालस, रविवारी चर्चला न चुकता येणारा. पण हंगामाच्या शेवटच्या सामन्यात, तोही शेजारच्या काउंटीतल्या कॉलेजकडून, आम्ही बावन्न गुण खाल्ले, बहुतेक मोकळ्या सोडलेल्या डाव्या बाजूनं. ते टेनेसीच्या या कोपऱ्यात कुणाला पचत नाहीत.

डोरीनच्या खानावळीत मी गरम, पावासारखी मऊ बिस्किटं घ्यायला गेले, तर दुसरा विषयच नव्हता.

"बावन्न! अरे, माझ्या आजीनं व्हीलचेअरवरून चार तरी अडवले असते."

"तुझी आजी वारली ना?"

"तरीसुद्धा!"

माझा भाऊ हॉइट सगळ्यांच्या मधोमध बसला होता. चाळीस वर्षं त्याने शाळेची बस चालवली आणि त्याच्याही आधीपासून त्याने एकही सामना चुकवलेला नाही. "येणारा चांगलाच येणार," तो ग्रेव्हीत बिस्किट बुडवत म्हणाला. "कॅल ड्रमंडचं नाव ऐकतोय. तो आला तर पुढच्या वर्षी आपल्या गोलरेषेपाशी गवत पण तुडवलं जाणार नाही. लिहून घ्या."

मलाही तसंच वाटत होतं. चांगल्या गोष्टीवर विश्वास ठेवायला मला फार कष्ट पडत नाहीत.

आमच्या गावची एक रीत आहे. कोच गेला की त्याच्या अंगणात 'घर विकणे आहे' अशा पाट्या ठोकायच्या. घरांच्या दलालाच्या शेडमधून जुन्या पाट्या आणायच्या आणि तो उठायच्या आत रोवून मोकळं व्हायचं. मला ही रीत कधीच आवडली नाही, पण हॉइट तिचा म्होरक्या. आधीच्या दोघांच्या वेळीही लाकडी हातोडा त्याच्याच हातात होता.

शनिवारी संध्याकाळी मी चर्च आवरत होते, तेव्हा रस्कची बायको मार्लीन आली आणि तिने माझ्याकडून चार ब्लँकेटं मागून घेतली. "मिस लिओटा, कुणाला सांगू नका," ती म्हणाली. "ड्रमंड मंडळी आमच्याकडे उतरलीत. ग्रेडीनं आणि कॅलनं कॅन्ससला एकत्र काम केलंय, जुनी दोस्ती आहे. आमचं घर तेच घेणार आहेत. पण कॉलेजच्या करारावर सही सोमवारी आहे, आणि कॅलच्या बायकोचं, रोझेटाचं, मन अजून बसलेलं नाही. आर्कान्सातल्या कॉलेजातूनही बोलावणं आहे ना त्यांना."

मी शब्द दिला. ब्लँकेटं तिच्या गाडीत ठेवताना हॉइटचा हातोडा काही माझ्या ध्यानात आला नाही.

माझं एक व्रत आहे. पहाटे उठल्यापासून चर्चमध्ये प्रार्थना पूर्ण होईपर्यंत मी तोंडातून शब्द काढत नाही. नवरा गेल्यापासून अकरा वर्षं एकदाही मोडलेलं नाही. आठवड्यातले सहा दिवस प्रार्थना छोटी असते. रविवारी मात्र गावातल्या प्रत्येक घराचं नाव घेते, त्याला पाऊण तास लागतो.

त्या रविवारी उजाडताना मी चर्च उघडायला निघाले, तर रस्कच्या अंगणात हॉइट आणि त्याचे चार मित्र! जमीन थंडीनं कडक झालेली, हातोड्याचा ठकठक आवाज. घराच्या कडेला सामानानं भरलेला ट्रक.

हॉइट माझ्याकडे बघून दबक्या आवाजात म्हणाला, "बघ, रस्कनं सामान भरलंसुद्धा! अगदी वेळेवर आलो."

मी दोन्ही हात जोरजोरात हलवले. ट्रककडे बोट दाखवलं. मान हलवली. हॉइटनं हातोडा उंचावून मला सलाम केला. "बघा रे, माझी बहीणही आपल्या बाजूला!"

मी फाटकाशी उभी राहिले. व्रत मोडावं का? देवाला दिलेलं वचन एकीकडे, मार्लीन रस्कला दिलेलं एकीकडे, आणि समोर हा गाढव. शेवटी धावत चर्चला गेले, शेगडी न पेटवताच गुडघे टेकले आणि घरांची नावं इतक्या भरभर घेतली की देवानं क्षमा करावी. रस्कचं नाव दोनदा घेतलं.

परत आले तेव्हा सदतीस पाट्या उभ्या होत्या आणि पायरीवर ड्रमंडची बायको, रोझेटा, अंगाभोवती माझं ब्लँकेट गुंडाळून उभी होती. तिच्या मागे दोन्ही कोच, हातात कॉफीचे पेले. हॉइटचा चेहरा पिठासारखा पांढरा झाला होता. ड्रमंडला तो टीव्हीवर बघत आलेला, ओळखायला वेळ लागला नाही.

"आम्ही अजून सामानही उतरवलं नाही, आणि आमचं घर विकायला काढलंत?" रोझेटा म्हणाली.

"तुमच्यासाठी नाही, मॅम!" हॉइट म्हणाला. "त्या रस्कसाठी आहेत!"

"गुड मॉर्निंग, हॉइट," रस्क म्हणाला.

"गुड मॉर्निंग, कोच."

रस्कनं अंगणावर नजर फिरवली. "सदतीस. टेक्ससमध्ये माझ्या दारात शंभर होत्या."

"शंभर?" हॉइटला ते खरोखर लागलं. "थंडी होती, कोच. जमीन बघा ना."

ड्रमंड हसला. रोझेटा मात्र हसली नाही. "कॅल, ट्रक उघडायचा नाही. आर्कान्साला फोन कर. नऊ वर्षांत पाचवं घर आहे हे माझं. मला असल्या गावात राहायचं नाही."

गावाला हवा असलेला कोच आपण हातोड्यानं हाकलला, हे हॉइटला कळलं होतं. त्याचे मित्र त्याच्यापासून एकेक पाऊल दूर सरकत होते.

मी पुढे झाले. "रोझेटा, चूक माझी. मला माहीत होतं आणि मी थांबवलं नाही. हा माझा भाऊ आहे."

"तुमचा भाऊ?" तिनं मला न्याहाळलं. मग हॉइटकडे वळली. "खरं सांगा. पुढच्या वर्षी आम्ही बावन्न गुण खाल्ले, तर आमच्याही दारात लावाल?"

मी डोळे मिटले. हॉइटला खोटं येत नाही, ही आमच्या आईची कृपा.

"हो, मॅम," तो म्हणाला. "बावन्न म्हणजे लावूच. पण तुमचे यजमान बावन्न देणार नाहीत. मी त्यांचा डिफेन्स सहा वर्षं बघतोय. समोरच्यांच्या तिसऱ्या चालीला ते उजव्या कोपऱ्यातला गडी मागे घेतात ना, तसं देशात कुणी करत नाही."

ड्रमंडनं पेला खाली ठेवला. "हे तुमच्या लक्षात आलं?"

"बस चालवायचो, कोच. मागे कोण काय करतंय हे बघायची सवय आहे."

रोझेटानं खांद्यावरचं ब्लँकेट सारखं केलं. "निदान हा माणूस तोंडावर बोलतो," ती म्हणाली. "आधीच्या गावात सगळे गोड होते, आणि आम्हाला काढल्याचं आम्ही रेडिओवर ऐकलं." तिनं हॉइटकडे बोट रोखलं. "एक अट. ठोकायचीच वेळ आली, तर दार वाजवायचं आणि मला सांगून ठोकायचं. उजेडात."

"शब्द देतो, मॅम."

"मग त्या उपटा. आणि कॅल, ट्रक उघड. सोफा जड आहे, माणसं आहेत तोवर उतरवून घेऊ."

त्या दिवशी पुरुषमंडळी सामान उतरवत राहिली आणि चर्चमधली अर्धी बाकं ओस पडली. पाद्रीबाबा शोधायला आले आणि तेही सोफ्याचं एक टोक धरून उभे राहिले. दारातून वळवताना सोफा अडकला. आतून रस्क ओरडला, "डावीकडे, हॉइट! डावी बाजू मोकळी सोडलीस!"

"तीन वर्षं आम्ही तुम्हाला हेच सांगत होतो, कोच!"

सगळ्यांत आधी रस्कच हसला.