वईवरचा वाघोबा

गिरजाच्या घरात संडास-बाथरूम होतं. होतं म्हणजे कसं, तर तिच्या मुलानं, शेखरनं, स्वतःच्या लग्नाआधी हौसेनं बांधून घेतलेलं, पांढऱ्याशुभ्र फरशीचं, आत नळ, गच्चीवर काळी टाकी. पुढच्या खोलीतूनच दार, म्हणजे पावसात पाय भिजवायचं काम नाही. किन्हवलीकडच्या त्या गावात अशी सोय फार थोड्या घरांत होती. आणि एवढं असून तिचा नवरा महिपत, लघवीला लागली की पायांत चप्पल सरकवायचा आणि मागच्या वईकडे चालू लागायचा.

वई म्हणजे निरगुडीचं कुंपण. ते नेमकं शेखरच्या खोलीच्या खिडकीसमोर. तिथे जाऊन महिपत घराकडे पाठ करायचा आणि उभा. त्याची सारी नोकरी भातसानगरला धरणावर गेली, मुंबईला पाणी सोडण्यात. आता निवृत्त होऊन हा माणूस वईला पाणी घालतोय, असं गिरजा म्हणायची आणि म्हणता म्हणता आणखी चिडायची. वईच्या पलीकडून शेजारचा चांगोही यायचा. दोघांची वेळ जमली तर कुंपणाच्या दोन्ही अंगांनी भाताच्या, कीडरोगाच्या, ग्रामपंचायतीच्या गप्पा चालायच्या. हल्ली तर महिपत तिथे इतका रमायचा की गिरजाचा चहा निवून त्यावर साय धरायची.

"आतली फरशी काय आरतीला बसवलीय?" ती ओरडायची.

"भायेर बरा वाटतो गो," एवढंच महिपत म्हणायचा.

बरं वाटतं म्हणजे काय वाटतं, हे तिला काही केल्या कळेना. बायकांनी पहाटेच्या अंधारात, लाजत, विंचूकाट्याला भीत वर्षानुवर्षं बाहेर जाऊन काढली, त्यांना दार मिळालं तेव्हा त्यांनी देवाला साखर ठेवली. आणि बाप्ये तेच दार सोडून पळतात! तिनं एकदा चांगोलाच विचारलं.

चांगोनं फार मोठं गुपित सांगतोय असा चेहरा केला. "बाईमानसाला ता नाय कळायचा, वयनी. आत चार भिंती अंगावर येतात. भायेर कसा, वारा लागतो, शेत दिसतो, मानूस मोकळा होतो."

"मग जेवायला पन वईलाच उभे रहा. वारा लागंल," गिरजा म्हणाली.

दुकानदार धाऊचं म्हणणं आणखी पुढचं. "वाघ पन झाडालाच करतो. आपली हद्द सांगतो तो. बाप्याची जातच तशी."

"वाघाला कुनी फरशी नाय बसवून दिली," गिरजा म्हणाली आणि साबण घेऊन निघाली.

हे सगळं हसण्यावारी गेलंही असतं. पण सून प्रियांका टिटवाळ्याची, पहिल्या बाळंतपणाला माहेरी गेली, आणि जाताना शांतपणे सांगून गेली. "आई, माझ्यापुरतं मी चालवून घेतलं. पण त्या खिडकीतून वास येतो. बाळाला मी त्या खोलीत नाही ठेवणार." ती भांडली असती तर गिरजानंही दोन शब्द सुनावले असते, पण पोर खोटं काय बोलली होती? मुलगी झाली, बारसं झालं, आणि शेखरनं हळूच सांगितलं की वाशिंदला स्टेशनजवळ एक खोली बघून ठेवलीय. येत्या रविवारी सासरे प्रियांकाला आणि बाळाला घेऊन येणार होते. घरात फरक दिसला तर बाळ इथे राहणार, नाहीतर तसंच पुढे वाशिंदला.

 नात अजून गिरजानं धड मांडीवर घेतली नव्हती. तिनं महिपतच्या विनवण्या केल्या, अबोला धरला, वईला बाभळीचे काटे लावले. महिपतनं काटे काठीनं बाजूला सारले आणि उभा राहिला. पालथ्या घड्यावर पाणी, दुसरं काय.

मग तिला आपलं माहेर आठवलं. माहेर सिद्धगडाच्या पायथ्याचं. तिकडे रानाच्या वाटेवर वाघोबा असतो, शेंदूर फासलेला दगड, आणि त्याच्या आसपास कुठला बाप्या थुंकतसुद्धा नाही. एका दुपारी महिपत घोरत असताना गिरजानं ओहोळातला एक उभट दगड उचलून आणला, धाऊच्या दुकानातला शेंदूर तेलात कालवून त्याला फासला आणि वईच्या बुडाशी, नेमक्या त्या जागी, रोवला. दोन फुलं वाहिली. हात जोडले, ते मात्र खरे जोडले. म्हणाली, "तुझं नाव वापरते, रागावू नको."

पहिली आली सकुबाई. गावातलं देवाधर्माचं सगळं तिच्या तोंडी. तिनं दगड पाहिला आणि डोक्यावर पदर घेतला.

"गिरजे! कवा परगटला गो?"

गिरजानं खरं सांगायला तोंड उघडलं होतं. पण मीच ठेवला म्हटलं तर संध्याकाळी महिपत परत तिथेच उभा. "सकाळी उठले तं दिसला," ती म्हणाली.

झालं. मंगळवारपर्यंत वईला नारळ फुटला, उदबत्त्या लागल्या, कुणीतरी लहानशी घंटा आणून बांधली. चांगो पलीकडूनच नमस्कार करायचा आणि पार आंब्यापलीकडे जायचा. बाया म्हणायच्या, गिरजाचं नशीब थोर. महिपतनं तो दगड पाहिला. तोंड पांढरं करून घरात आला आणि भिंतीला टेकून बसला. चांगली जिरली, गिरजाला वाटलं. खिडकीतून आता निरगुडीचा आणि उदबत्तीचा वास येत होता. तिनं प्रियांकाला फोन करून सांगितलंसुद्धा, "ये आता बिनधास्त."

तरी महिपत आत गेला नाही तो नाहीच. आता तो भात कापलेल्या शेतातून थेट ओहोळापर्यंत जायचा. जायचा आणि लवकर यायचा नाही. मोडेन पण वाकणार नाही असला हट्ट! जाऊ दे, लांब तर लांब, असं म्हणून गिरजानं लक्ष काढून घेतलं. त्यानं चहा कमी केला, तांब्यातलं पाणी तसंच राहू लागलं. तिला वाटलं, रुसलाय.

रविवारी पाहुण्यांसाठी ती लाल कोंबडा धरायला गेली, तर महिपत आडवा आला.

"त्यो नको. त्यो दिलेला हाय."

"कुनाला दिला?"

त्यानं कोंबड्याला मागे हुसकावून लावलं. वाद घालायला वेळ नव्हता. तिनं दुसरा धरला.

प्रियांका आली. बाळ गोरंगोमटं, मुठी आवळून झोपलेलं. प्रियांकाचे वडील राघोशेठ, वीटभट्टीवाले, भारदस्त माणूस. सून खोलीत गेली, खिडकीशी क्षणभर उभी राहिली, आणि बाळाची दुपटी पिशवीतून काढून खाटेवर ठेवू लागली. गिरजाला ते बघून रडू यायचंच बाकी राहिलं. तांदळाच्या भाकरी, कोंबडीचा रस्सा, पानं मांडली. राघोशेठनी दोन घास खाल्ले असतील नसतील, तोच महिपत अर्ध्या जेवणावरून उठला. कपाळावर घाम. हात धुतला, चप्पल घातली.

"बाबा, आत जा ना. आत!" शेखर दबक्या आवाजात म्हणाला. समोरच तर बाथरूमचं दार.

महिपत मागच्या दारानं बाहेर पडला. राघोशेठनी मान खाली घातली. प्रियांका खोलीच्या दारातून हे पाहत होती. ती आत वळली आणि एक दुपटं उचलून तिनं परत पिशवीत ठेवलं.

गिरजाच्या तळपायाची आग मस्तकात गेली. हातातलं भांडं तिथंच टाकून ती शेतातून त्याच्या मागे निघाली. आज सोडायचा नाही. बांधावरूनच तिनं तोंड सोडलं. "लाज कशी नाय वाटत तुमाला? घरात व्याही जेवतोय, लेकाचा संसार उठवायला निघालाव! नात इथून परत गेली तर मी तुमचं तोंड बघनार नाय, सांगून ठेवते!"

महिपत ओहोळाच्या काठी जांभळीला कपाळ टेकून उभा होता. एका हातानं त्यानं ओटीपोट दाबून धरलं होतं. पायाशी पाणी खळखळ वाहत होतं.

"गिरजे, होत नाय गो," तो म्हणाला.

"काय होत नाय?"

"लघवी. सकाळपासून थेंब नाय. पोट फुटतंय."

ती बांधावरून उतरली. जवळून त्याचं तोंड पाहिलं आणि तिचा राग कुठल्या कुठे गेला. "कवापासून हाय असा?"

"झाला की वरीस. धारच नाय. थेंब, थेंब. घरात आत गेलो की भायेर सगळा ऐकू जातो. टीव्ही बंद असला की मी उभाच, कोन उठून जाईल म्हनून. शेखर एकदा म्हनला, बाबा, आत झोपला का? सगळी हसलीव."

गिरजाला तो दिवस आठवला. ती स्वतःही हसली होती.

"वईला बरा व्हता," महिपत सांगत राहिला. "कोनाचा कान नाय. चांगो बोलत रहायचा, त्याच्या बोलन्याच्या नादात जरा जरा व्हायचा. मग त्यो परगटला. माझ्याच जागेवर, गिरजे. मी जागा बाटवली. त्यानं आता पुरता बंदच केला. हिथं पान्याचा आवाज येतो म्हनून येतो. लाल कोंबडा बोललोय त्याला. अवसेला देतो, मग होईल."

गिरजानं त्याला आपल्याकडे वळवलं. 

"अहो, त्यो देव नाय. मी ठेवलाय. हितलाच दगड, ह्याच ओहोळातला. शेंदूर धाऊच्या दुकानातला. तुमी तिथं जाऊ नये म्हनून केला मी."

महिपतनं तिच्याकडे बघितलं, अगदी मायेनं. "असा बोलू नको त्याला. तू कोन ठेवनार? त्यानंच तुझ्या हातून ठेवून घेतला."

 तिनं शपथ घेतली, नातीची घेतली, तरी तो मान हलवत राहिला. गावात कुणालाही विचारलं असतं तरी त्यानं हेच सांगितलं असतं, सकुबाईनं तर सगळ्यांच्या आधी. नवऱ्याला वईवरून हटवायला तिनं जे केलं ते इतकं पक्कं बसलं होतं की आता तिच्याच्यानं उपटलं जात नव्हतं. आणि तो मात्र कोंबड्याच्या भरवशावर अमावास्येची वाट बघत पोट दाबून उभा. स्वतःच्या थोबाडीत मारून घ्यावंसं तिला वाटलं.

"कोंबडा मागाहून. आधी डाक्टर," ती म्हणाली आणि त्याचं मनगट धरून ओढायला लागली.

"व्याह्यासमोर नको गो. सुनेसमोर बोलू नको."

पण ती बोलली. आयुष्यभर जिनं घरातली गोष्ट दाराबाहेर जाऊ दिली नाही, ती पुढच्या खोलीत भर पानांत उभी राहून म्हणाली, "शेखर, ऊठ. तुझ्या बापसाला लघवी होत नाय. सकाळपासून नाय. दवाखान्यात न्यायचाय."

महिपतनं डोळे मिटून घेतले. शेखरचा घास हातातच राहिला. राघोशेठ उष्ट्या हातानंच उठले. "माझी गाडी दारात आहे," ते म्हणाले. प्रियांका बाळाला खांद्यावर घेऊन पुढे आली, दोरीवरचा टॉवेल ओढून तिनं सासऱ्याच्या हातात दिला आणि म्हणाली, "बाबा, हे आधी सांगायचं ना." महिपतला तिच्याकडे बघवेना.

शहापूरचा रस्ता कधी नव्हे इतका खडबडीत वाटत होता. प्रत्येक खड्ड्याला महिपत दातओठ आवळायचा आणि गिरजा मागे त्याच्याशेजारी बसून त्याचा दंड घट्ट धरायची. मध्येच ऐनाच्या झाडांशी तो म्हणाला, "थांबवा. वाटतंय होईल."

राघोशेठनी गाडी कडेला घेतली. शेखरनं बापाला उतरवलं. महिपत एका झाडाशी जाऊन उभा राहिला, पाठ रस्त्याकडे. राघोशेठ त्याच्याकडे बघत राहिले, मग तेही उतरले आणि शेजारच्या झाडाशी जाऊन उभे राहिले.

"आम्हालाही मघापासून लागलीच होती, व्याही," ते म्हणाले, आणि भट्टीवरच्या मजुरांचं, पावसानं भिजलेल्या विटांचं काहीबाही बोलायला लागले.

गिरजानं काच खाली केली आणि कान देऊन ऐकू लागली. सुक्या पाल्यावर धार पडल्याचा आवाज येत होता. एकाच ठिकाणी. राघोशेठच्या पायाशी. रस्त्यानं मोटरसायकली जात होत्या, एका टेम्पोतल्या बायका बघून पदर तोंडाला लावत गेल्या. गिरजाला कशाचंच काही वाटलं नाही. व्याही बोलत होते, बोलत होते, आणि महिपतची पाठ ताठ झाली होती.

थोड्या वेळानं महिपतनं नाही म्हणून मान हलवली. शेखर पुढे झाला आणि बापाचा हात धरून त्याला गाडीकडे वळवू लागला.

तशी गिरजा खिडकीतून अर्धी बाहेर आली आणि भर रस्त्यात ओरडली, "घाई नको करू रे! अजून जरा उभं राहू दे त्यांना तिथं!"