साहेबांचा आवाज

हिशेब विभागातल्या बाई केबिनमध्ये शिरल्या आणि तोंडाला रुमाल लावून रडायलाच लागल्या. साहेब गडबडले. कुणी रडलं की पाणी पुढे करायचं, एवढंच त्यांना ठाऊक होतं. घाईत त्यांनी स्वतःचाच अर्धा प्यायलेला ग्लास पुढे सरकवला.

"तुमचे उपकार विसरणार नाही, साहेब," बाई म्हणाल्या. "त्या दिवशी तुम्ही फोन करून 'निघा' म्हणाला नसतात, तर वडिलांची शेवटची भेट झाली नसती. ओळखलं त्यांनी मला. हात धरला."

साहेबांनी फोन केलाच नव्हता. बाई रजा मागायला आल्या तेव्हा फायलीतून मान वर न करता ते म्हणाले होते, "वर्षअखेर आहे. आठवडाभर कळ काढा." तरीही बाई गेल्याच, म्हणून परत आल्यावर त्यांची चांगली खरडपट्टी काढायची, असं ठरवून ते बसले होते.

"ठीक आहे," ते पुटपुटले. "या तुम्ही."

बाई गेल्या. साहेब खुर्चीत तसेच बसून राहिले. सबंध कचेरीत त्यांचा आवाज काढणारा एकच इसम होता: जावक टेबलावरचा कारकून. त्याला सगळे रेडिओ म्हणत आणि साहेबांना, त्यांच्या पाठीमागे, कुकर. जेवणाच्या सुट्टीत रेडिओ कुकरच्या शिट्ट्या वाजवतो, हे साहेबांना ठाऊक होतं. एकदा दाराआडून ऐकताना त्यांनाही हसू फुटलं होतं. पण ते आत गेले मात्र, सगळ्यांचे घास तोंडातच राहिले. हसायचं राहूनच गेलं.

त्यांनी रेडिओला बोलावून घेतलं.

"बाईंना फोन तू केलास?"

रेडिओने मान खाली घातली. "हो, साहेब."

"माझ्या आवाजात?"

"माझ्या आवाजात कोण ऐकतंय, साहेब?"

"नोकरी जाईल तुझी. कळतंय का?"

"कळतंय. पण बाई जिन्यात बसून रडत होत्या हो. बघवेना."

साहेब खिडकीकडे वळले. ते स्वतः याच इमारतीत, खालच्या मजल्यावर साधे कारकून होते, तेव्हाची वर्षअखेर. वडील अत्यवस्थ असल्याचा निरोप घरून दोनदा आला होता. त्या वेळच्या साहेबांनीही फायलीतून मान वर केली नव्हती. काम उरकून ते घरी पोचले, तेव्हा दाराबाहेर चपलांची गर्दी होती आणि आत कुणीच बोलत नव्हतं.

"नेमकं काय म्हणालास त्यांना?"

"जाऊ द्या ना, साहेब."

"म्हणून दाखव."

रेडिओने घसा खाकरला. पुढे आला तो थेट साहेबांचाच आवाज, तोच खर्ज, सुरुवातीचा तोच हुंकार.

"हं. बाई, निघा तुम्ही. काम कुठे पळून जातंय? वडिलांना भेटून या आधी."

दाराबाहेरची कुजबुज एकदम थांबली. साहेबांनी चष्मा काढला आणि शर्टाच्या टोकाने पुसायला घेतला. पुसतच राहिले. जावं की थांबावं, रेडिओला कळेना.

"चुकलं माझं, साहेब. पुन्हा नाही करणार."

"त्यातलं 'बाई' तेवढं काढ," साहेब त्याच्याकडे न बघता म्हणाले. "आणि पुन्हा म्हण."