रोवणीचं गाणं

चौऱ्याहत्तर सालच्या मे महिन्यातली टळटळीत दुपार होती. नागपूरच्या विद्यापीठ ग्रंथालयात लोकगीतांच्या टेपा सांभाळणाऱ्या शामलाकडे भंडाऱ्याहून गोपिकाबाई आल्या. त्यांची थोरली बहीण भागरथा वारली होती, पण तिचं धानरोवणीचं गाणं ग्रंथालयाच्या लोकांनी गावात येऊन टेप करून नेलं होतं.

"मले तिचा आवाज आयकाचा हाये, पोरी."

शामलाने टेप लावली. गोपिकाबाई डोळे मिटून सोबत गाऊ लागल्या. मध्येच त्या थांबल्या. त्याबरोबर भागरथाही गायची थांबली. टेपचं चाक मात्र फिरतच होतं.

"काहून थांबली वं गोपे? म्हण ना," टेपमधून आवाज आला.

शामलाच्या अंगावर सर्रकन काटा आला. हे गाणं तिने कितीदा तरी ऐकलं होतं. त्यात हे बोल नव्हते. मशीन बंद करायला तिने हात पुढे केला, तर गोपिकाबाईंनी तो घट्ट धरला.

"राहू दे. ते माह्यासंग बोलून राहिली."

डोळे पुसून त्यांनी पुढचं कडवं धरलं आणि भागरथाने त्यांना साथ दिली.

गोपिकाबाई समाधानाने गेल्यावर शामलाने धीर करून तीच टेप पुन्हा लावली. आता तिच्यात दोघी बहिणी गात होत्या.