ठिपक्याएवढी जागा

मी एक जुनी लिंक आहे. मित्रांनो, माझ्या बहिणी तुम्ही रोज पाहता. ब्लॉग वाचताना मधेच निळ्या अक्षरांतले, खाली रेघ ओढलेले शब्द दिसतात. त्यांच्यावर बोट ठेवलं की तुम्ही दुसऱ्याच्या पानावर जाता. मला निळा रंग मिळाला नाही, शब्दही मिळाला नाही. एका लांबलचक लेखाच्या शेवटच्या पूर्णविरामात मला बसवलं आहे. काळा ठिपका, मुंगीच्या डोक्याएवढा.

माझं एक टोक संपादकांच्या ब्लॉगवर आहे आणि दुसरं सिस्टरांच्या. दोन्ही घरांतलं मला ऐकू येतं, म्हणून दोन्हीकडचं सांगते.

सिस्टर म्हणजे एकतीस वर्षं वॉर्डात काढलेल्या परिचारिका. निवृत्तीनंतरही शेजारीपाजारी त्यांना सिस्टरच म्हणत. नवरा अंथरुणाला खिळला तेव्हा त्यांनी त्याची खाट बैठकीच्या खोलीत आणली आणि जेवणाच्या टेबलावर बसून ब्लॉग लिहायला घेतला. रुग्णाची कूस कशी बदलावी, चादरीला सुरकुती का राहू देऊ नये, टाचा कोरड्या कशा ठेवाव्यात. कुणाकडून एखादी युक्ती घेतली, तर त्या आधी त्याला दोन ओळी लिहीत आणि लेखाच्या सुरुवातीलाच त्याचं नाव व लिंक देत. "ज्याच्या घरचं घ्यावं, त्याचं दार दाखवावं," असं त्या सुनेला सांगत.

संपादक एकटेच होते, पण स्वतःला संपादक म्हणवून घेत. त्यांचा आरोग्याचा ब्लॉग हजारो लोक वाचत. पडून राहिलेल्या माणसाच्या पाठीला होणाऱ्या जखमांवर सिस्टरांनी लिहिलेला लेख त्यांनी उचलला, नऊच्या नऊ परिच्छेद. सुनेनं तो पाहिला. सिस्टरांनी सभ्य पत्र लिहिलं: लेख राहू द्या, फक्त लिंक द्या.

"मग द्या की," संपादकांची बायको म्हणाली. "एका लिंकनं तुमचं काय झिजतंय?"

"तिकडे गेलेला वाचक परत येत नाही. लिंक द्या म्हणाल्या ना? देतो. कुठे द्या ते नाही म्हणाल्या."

असा माझा जन्म झाला.

सिस्टरांना उत्तर गेलं: 'लिंक दिली आहे, पाहावी.' त्या वीस मिनिटं शोधत होत्या. मग सुनेनं पानभर बाण फिरवला.

"आई, सापडली. पूर्णविरामात आहे."

सिस्टरांनी चष्मा वर केला. "अगं, इंजेक्शनची खूणसुद्धा याहून मोठी असते."

त्या हसल्या आणि विषय सोडून दिला.

तीन वर्षांत माझ्यावरून अकरा जण गेले. सगळ्यांचंच बोट चुकून पडलं होतं; ते लगेच परतले. कौतुक मात्र माझ्या वाट्याला आलं. ब्लॉग लिहिणाऱ्यांच्या एका मेळाव्यात संपादक शिष्टाचारावर बोलले. हाच लेख पडद्यावर दाखवून म्हणाले, "मूळ लेखाची लिंक दिल्याशिवाय आम्ही कुणाची एक ओळ घेत नाही." टाळ्या पडल्या. पडद्यावर मी वाटाण्याएवढी झाले होते, तरी कुणाला दिसले नाही.

चौथ्या वर्षी सिस्टरांच्या नवऱ्याचा व्यायाम घ्यायला नवी फिजिओथेरपिस्ट आली. त्याच्या कमरेखाली हवा भरलेली गोल रिंग होती. सिस्टरांनी लेखातही ती सुचवली होती.

"सिस्टर, ही आता वापरत नाहीत. कडेनं दाब पडतो आणि मधल्या भागाचं रक्त अडतं. जखम बरी व्हायची ती वाढते."

"आम्हाला तर हीच शिकवली होती."

"हो ना. तेव्हा सगळ्यांनाच शिकवली."

सिस्टरांनी रिंग काढली आणि तशाच टेबलाशी जाऊन बसल्या. लेखातलं ते वाक्य त्यांनी पुसलं नाही. त्यावर काट मारली, लेखाच्या माथ्यावर चौकट केली, तारीख घातली आणि लिहिलं: 'मी चुकले होते. रिंग वापरू नका.' मग त्या लेखाची लिंक देणाऱ्या सातही जणांना पत्रं गेली. सहा जणांनी त्याच आठवड्यात आपापल्या पानावर दुरुस्ती केली.

सातव्यानं पत्र उघडलंच नाही. "पुन्हा लिंकचं रडगाणं असणार," संपादक बायकोला म्हणाले. सिस्टरांनी आणखी तीन पत्रं पाठवली, मग लेखाखाली कमेंट केली. नुसतं नाव पाहून ती काढून टाकण्यात आली.

माझ्या एका टोकाला 'रिंग ठेवा' होतं आणि दुसऱ्या टोकाला 'रिंग वापरू नका'. मधे मी, आणि मला हाक मारता येत नाही.

कपडे शिवणारी एक बाई होती. तिचे वडील पडून होते. तिनं संपादकांचा लेख छापून घेतला, खाटेशेजारच्या भिंतीवर चिकटवला आणि त्याबरहुकूम सगळं केलं. रिंगही आणली. कागदावर मी नुसती शाई होते. दीड महिन्यानं जखम वाढली, तेव्हा आपलंच काही चुकतंय का म्हणून ती तोच लेख फोनवर वाचायला लागली. अक्षरं मोठी केली, शेवटाला आली आणि तिचं बोट माझ्यावर पडलं. ती बारावी. ती मात्र परतली नाही. तिनं चौकट वाचली, मग तारीख पाहिली. तिनं रिंग आणली त्याच्या पाच महिने आधीची होती.

रिंग तिनं त्याच क्षणी काढली. अकरा दिवसांनी वडील गेले आणि भाड्यानं आणलेली खाट परत गेली.

तिनं सिस्टरांना लिहिलं: 'तुमच्यावर राग नाही. तुम्ही सांगितलं होतं. मला दिसेल अशा जागी ते नव्हतं.' सोबत भिंतीवरच्या कागदाचा फोटो होता. शेवटच्या ठिपक्याभोवती तिनं लाल पेनानं गोल काढला होता.

"आई, तुम्ही तर पाच महिने आधीच कळवलं होतं," सून म्हणाली.

सिस्टर उठल्या. त्यांनी नवऱ्याची कूस बदलली. तासाभरापूर्वीच बदलली होती.

तो फोटो त्यांनी संपादकांना पाठवला. या वेळी त्यांनी तो उघडला, आणि दुपारपर्यंत लेखात 'रिंग वापरू नये' असं झालं. काट नाही, तारीख नाही, चुकलो म्हणून एक अक्षर नाही. शिवणकाम करणाऱ्या बाईनं लेखाखाली जाब विचारला, तर उत्तर आलं: 'आमच्या लेखात असं कुठेही लिहिलेलं नाही. कृपया नीट वाचावे.'

मित्रांनो, लिंक ही लिहिणाऱ्याच्या मानासाठी असते असं तुम्हाला वाटत असेल. तशी ती असतेच. पण त्याहून ती वाचणाऱ्यासाठी असते. लिहिणारा चुकतो, कधी कधी सुधारतोही, आणि ते पाहायला वाचणाऱ्याला तिथवर जाता आलं पाहिजे. म्हणून दुसऱ्याचं घ्याल तेव्हा त्याचं नाव घ्या, आणि बोट मावेल एवढी जागा द्या.

मी अजून त्याच पूर्णविरामात आहे. माझ्या आधीचं वाक्य आता बरोबर आहे, आणि ते पहिल्यापासून तसंच होतं असं सगळे मानतात. फक्त त्या फोटोतल्या कागदावर 'रिंग ठेवा' तसंच आहे, आणि तळाशी, लाल गोलात, मी.