मैदानावर मेंढरं बसवली त्याची गोष्ट

"मेंढरांना जागा एकदा गोड लागली, की ती पुन्ना येत्यात तिथं. मंग हाकलून जायची नाईत," असं माझ्या सासूबाई कस्तुराबाईंनी मला आधीच सांगितलं होतं. मी तेव्हा माझ्या पोराला, रामहरीला, वरणभात भरवत होते. म्हटलं, "आत्याबाई, तिथं मोठं लोखंडी गेट आहे."

"गेट हाये. भिंत हाये का?"

मी ऐकून न ऐकल्यासारखं केलं. एरवी पोराला शिंक आली तरी मी दोनदा कपाळ चाचपते, पण ही गोष्ट मात्र सोडून दिली.

भिंत नव्हती, कारण निधी संपला होता. चिकलठाण्याला आमच्या खोलीमागं सरकारी क्रीडासंकुल होत होतं. गेट झालं, प्रेक्षकांच्या पायऱ्या अर्ध्या झाल्या आणि दुष्काळ पडला. मैदानाचा पैसा टँकरांकडं वळवला गेला. त्यावर कोणी तक्रार केली नाही. आमच्या गल्लीत टँकर आला की आम्हीच तर घागरी घेऊन पळायचो. भोवती नव्या इमारती मात्र उठतच होत्या, आणि त्यांच्या मधे हे भुसभुशीत मुरमाचं मैदान पडून होतं.

माझी नणंद सत्यभामा आमच्याकडं राहून कॉलेज करायची आणि खो-खो खेळायची. राष्ट्रीय शिबिराची निवड चाचणी त्या वर्षी आपल्या शहरात व्हायची होती. पण मैदान पक्कं असेल तरच, नाहीतर चाचणी पुण्याला जाणार होती. माझे सासरे मल्हारराव, ज्यांना मी मामा म्हणते, लेकीला स्पष्ट म्हणाले होते, "हितं खेळ. फुडं नाय. तिकडं तुला कोण वळखतं?" म्हणजे मैदान झालं नाही, तर सत्यभामाचा खेळ तिथंच संपणार होता.

रोलर सगळे रस्त्यांच्या कामात अडकलेले. तिच्या प्रशिक्षक रत्नमाला मॅडम फोन करून करून थकल्या. पोरी धावल्या की टाचा रुतायच्या.

मेंढरांची कल्पना माझीच. चितेगावला सासऱ्यांच्या दारापुढं त्यांचा कळप बसतो ती जमीन मी पाहिलेली; खुंटी ठोकायला गेलं तर खुंटीच मोडते. शेतकरी खतासाठी रानात मेंढरं बसवून घेतात आणि त्याबदली दाणे देतात. तशीच मैदानावर बसवली तर? मॅडम आधी हसल्या, मग म्हणाल्या, "बोलाव बाई सासऱ्यांना."

मामांनी रिवाज सोडला नाही. "मैदान तुमचं, मेंढरं माझी. दाणं कोण देनार?"

खो-खोच्या पोरींनी घरून ओंजळ-ओंजळ ज्वारी आणली. जवळच्या एका कारखान्यानं वापरून साफ केलेलं पाणी पाठवलं. माती भिजली, वाफसा आला, म्हणजे पायाला चिखल चिकटेनासा झाला, आणि कळप गेटातून आत शिरला. दिवसा मामा तो गोल गोल फिरवायचे, रात्री तिथंच बसवायचे. सकाळी पोरी नाकाला ओढण्या बांधून लेंड्या झाडायच्या.

"वहिनी, ह्याला काय सराव म्हणायचं?" एकीनं मला विचारलं.

"वाकायचा सराव," सत्यभामा म्हणाली. "तुलाच लई गरज हाये त्याची."

हळूहळू जमीन दगडासारखी बसली. मामांनी कळप विमानतळाकडच्या पडीक रानात हलवला. पोरींनी चुन्यानं रेघा आखल्या, दोन्ही टोकांना खांब रोवले.

पाहणीला आलेले साहेब मूळचे इंदूरचे, मराठी बोलणारे. त्यांच्यासमोर पोरी खेळ दाखवायला बसल्या, एकीचं तोंड इकडं, दुसरीचं तिकडं. सत्यभामा पळणाऱ्यांत होती. एवढ्यात, जिथं भिंत असायला हवी होती तिथून धुरळा उठला. पुढं म्होरकी मेंढी, मागं अख्खा कळप आणि सगळ्यांच्या मागं धोतर सावरत मल्हारराव.

माझ्या कडेवरचा रामहरी टाळ्या पिटत "में, में" करत होता.

बसलेल्या पोरी जागच्या हलल्या नाहीत. खो मिळाल्याशिवाय उठायचं नाही, हे अंगात इतकं भिनलेलं की मेंढरं नाकासमोरून गेली तरी त्या तशाच. सत्यभामा तेवढी पळाली. कळपातून नागमोडी सुटत तिनं म्होरकीला खांबापाशी गाठलं आणि मागचा पाय धरला. म्होरकी थांबली तसा कळप थांबला, आणि मैदानाच्या मधोमध निवांत बसला.

साहेब उठले, मेंढरांतून वाट काढत गेले, खाली बसून जमिनीवर तळवा फिरवला. एवढी खुरं गेली होती, पण कुठं खळगा नव्हता.

"छान दाबलंय. रोलर कुठला वापरला?"

मॅडमनी माझ्याकडं बघितलं, मी मामांकडं. मामा दम खात म्हणाले, "ह्योच की सायब. बसलाय बघा."

साहेब इतके हसले की चष्मा काढून डोळे पुसावे लागले. मग म्हणाले, "चाचणी इथंच घेऊ. फक्त त्या दिवशी रोलर बांधून ठेवा."

चाचणीला मामा आत्याबाईंना घेऊन पहिल्यांदाच लेकीचा खेळ बघायला आले. अर्ध्या बांधलेल्या पायरीवर शेवटपर्यंत उकिडवे बसले. सत्यभामाची निवड झाली. शिबिर इंदूरला होतं. मला वाटलं, आता मामा नाही म्हणणार.

मामा सरळ साहेबांकडं गेले. "तिकडची जागा कशी हाये? बसलेली हाये का?"

"पक्की आहे, मल्हारराव. मी त्याच मातीवर खेळलोय. कितीतरी पोरी राहून गेल्या तिथं."

मामांनी थोडा विचार केला. "मंग आमचीबी राहील," म्हणाले. आत्याबाईंनी तिथल्या तिथं लेकीची दृष्ट काढली. साहेबांसमोर सत्यभामा लाजून चूर झाली. पोरींनी तिला खांद्यावर घेतलं आणि खाली आपटलंही, कारण हसता हसता कोणाच्याच हातात जोर राहिला नाही.

आता ती इंदूरला आहे. फोनवर रोज म्हणते, "वहिनी, सगळं मस्त हाये." मला तीच काळजी. अंगात ताप असतानाही ती असंच म्हणायची. तुम्ही इंदुरात राहत असाल, तर एखाद्या संध्याकाळी खो-खोच्या मैदानावर चक्कर मारा ना. उंच, सावळी, वेणी वर बांधलेली पोर दिसेल. वहिनीनं पाठवलंय म्हणा. ती बरी आहे म्हणेल, तेवढ्यावर परत फिरू नका. टाचा फुटल्यात का बघा, आणि जेवली का ते विचारा.